ज्युपिटर एस आणि आमची खारी हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणात माझ्याकडे काही जुने घरगुती संगणक आहेत. त्यांतल्या 'ज्युपिटर एस'बद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, कारण त्याचं नाव कुणी ऐकलेलंच नसतं. शाळेतली मुलं येतात, मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात, कधी पुण्या-मुंबईचे संग्राहक येतात. सगळ्यांना तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा ती इथे लिहून ठेवली आहेत.

ह्यां काय आसा? कॅल्क्युलेटर की खेळणं?

संगणक आहे, पूर्ण. १९८२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आला, किंमत ८९ पौंड ९५ पेन्स. पांढरं पातळ प्लास्टिकचं कवच, रबराच्या ४० कळा, आत ३.२५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८०ए प्रोसेसर, ८ केबी रॉम (कारखान्यातच भरलेली, न पुसणारी मेमरी) आणि ३ केबी रॅम (कामाची, बंद केल्यावर पुसली जाणारी मेमरी). पडदा म्हणजे घरातला टीव्ही, साठवण म्हणजे कॅसेट. चालू केल्यावर कोरा काळा पडदा आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन, एवढंच दिसतं. बिघडलाय असं समजून बंद करू नका, तो तुमच्या टायपिंगची वाट बघतोय.

कुणी बनवला?

रिचर्ड आल्टवासर आणि स्टीव्हन व्हिकर्स या दोघांनी, केंब्रिजमध्ये. सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक एप्रिल १९८२ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये घरोघरी गेला. त्याच्या हार्डवेअरवर आल्टवासरनी काम केलं होतं. व्हिकर्स 'नाइन टाइल्स' या कंपनीत होते. सिंक्लेअरसाठी त्या कंपनीने लिहिलेल्या 'बेसिक' या प्रोग्रामिंग भाषेचं बरंचसं काम आणि सोबतची पुस्तिका त्यांची. स्पेक्ट्रम बाजारात आला त्याच सुमाराला दोघे बाहेर पडले, 'ज्युपिटर कॅन्टॅब' नावाची कंपनी काढली आणि काही महिन्यांत एस आणला.

म्हणजे लोकप्रिय यंत्र कसं बनतं हे त्यांना आतून माहीत होतं. तरी त्यांनी दुसरा स्पेक्ट्रम काढला नाही. तेव्हाच्या जवळजवळ प्रत्येक घरगुती संगणकात बेसिक ही भाषा असायची. यांनी रॉममध्ये 'फोर्थ' ही वेगळी भाषा घातली. व्हिकर्स पुढे विद्यापीठात शिकवू लागले आणि गणिती तर्कशास्त्र व टोपॉलॉजीत रमले. एसची पुस्तिका वाचली की याचं आश्चर्य वाटत नाही. इतकं नेटकं संगणकाचं मॅन्युअल मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

फोर्थ म्हणजे काय? आणि त्यात सगळं उलटं लिहावं लागतं म्हणे?

फोर्थ चार्ल्स मूर यांनी तयार केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत किट पीक इथल्या रेडिओ दुर्बिणीचं नियंत्रण या भाषेत होत असे. छोटा संगणक, कमी मेमरी आणि उत्तर मात्र लगेच हवं, अशा जागी ती वाढली.

'उलटं' हा इंग्रजीत विचार करणाऱ्यांचा आरोप आहे. फोर्थमध्ये २ आणि ३ ची बेरीज अशी करतात:

२ ३ + .

आधी दोन, मग तीन, मग बेरीज कर, मग दाखव. आपण मराठीतही वस्तू आधी सांगतो आणि क्रियापद शेवटी. इथल्या सहावीच्या मुलांना हे समजायला फार वेळ लागत नाही. बेसिक किंवा सी शिकून आलेल्या इंजिनिअरना लागतो.

आकडे एका स्टॅकवर, म्हणजे एकावर एक अशा चळतीत, रचले जातात. प्रत्येक 'शब्द' वरचे आकडे उचलतो, काम करतो आणि उत्तर परत तिथेच ठेवतो. आकडा नसताना उचलायला गेलात तर पडद्यावर 'एरर २' येतं, म्हणजे स्टॅक रिकामा. पहिल्या तासाभरात हा संदेश इतक्या वेळा दिसतो की मुलं एकमेकांना त्या नावाने चिडवायला लागतात.

एखादं खरं उदाहरण द्या ना.

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. एका तासाची पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं, म्हणून तिथीला ४५ ने गुणायचं आणि ६० ने भागायचं. भागाकार म्हणजे तास, बाकी म्हणजे मिनिटं. एसवर हे असं शिकवता येतं:

: भरती ४५ * ६० /मॉड . . ;

सुरुवातीचं अपूर्णविराम चिन्ह म्हणजे 'नवा शब्द शिक', शेवटचं अर्धविराम चिन्ह म्हणजे 'शिकून झालं'. '/मॉड' भागाकार आणि बाकी दोन्ही देतो, आणि दोन टिंबं ती एकेक करून दाखवतात. (यंत्राच्या कळांवर अक्षरं रोमनच आहेत. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिलंय.) आता '७ भरती' असं टाइप केलं की उत्तर येतं ५ १५. सप्तमीला सव्वापाच.

पुढची मजा अशी की 'भरती' हा आता यंत्राच्या शब्दकोशातला शब्द झाला. रॉममधल्या शब्दांत आणि त्याच्यात काही फरक नाही. त्याच्यावर दुसरा शब्द रचता येतो:

: पंधरवडा १६ १ डू आय भरती सीआर लूप ;

'डू' ते 'लूप'मधला भाग १ पासून १६ च्या आधीपर्यंत पुन्हा पुन्हा चालतो, 'आय' म्हणजे चालू फेरीचा आकडा, 'सीआर' म्हणजे नवी ओळ. 'पंधरवडा' म्हटलं की प्रतिपदेपासून पंधराव्या तिथीपर्यंतच्या वेळा ओळीने पडद्यावर येतात. पडद्यावर २४ ओळी मावतात, त्यामुळे पंधरवडा आरामात बसतो.

या तक्त्याच्या भरवशावर होडी पाण्यात घालू नका. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, आणि इथल्या रापणकरांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) तो माझ्यापेक्षा आणि या यंत्रापेक्षा चांगला येतो.

यातलं नवीन काय? फोर्थ तर आधीपासून होतीच.

हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो, आणि मला सर्वांत आवडतो तो हाच.

मोठ्या यंत्रांवर फोर्थ चालायची तेव्हा मूळ प्रोग्राम डिस्कवर मजकूर म्हणून ठेवलेला असे, १६ ओळींच्या 'स्क्रीन'मध्ये. तो वाचून यंत्र आपल्या मेमरीत भाषांतरित रूप तयार करी. बदल करायचा तर मजकूर बदलायचा आणि परत सगळं भाषांतर करायचं. एसला डिस्क नव्हती आणि रॅम इतकी कमी की प्रोग्राम दोन रूपांत ठेवणं परवडणारं नव्हतं.

यावर व्हिकर्सनी काढलेला तोडगा असा: मजकूर ठेवायचाच नाही. टाइप केलेला शब्द लगेच भाषांतरित करून शब्दकोशात टाकायचा. त्यात बहुतेक प्रत्येक शब्दाचे दोन बाइट होतात, म्हणजे त्या शब्दाचा पत्ता. मग तुम्ही 'लिस्ट भरती' म्हणता तेव्हा यंत्र ते पत्ते वाचतं, कुठला पत्ता कुठल्या शब्दाचा ते शोधतं आणि मूळ प्रोग्राम परत लिहून दाखवतं. आवर्तनं आणि अटी नीट आत सरकवून दाखवतं. कंसात लिहिलेल्या टिपासुद्धा येतात, कारण एस त्या टिपा टाकून देत नाही, भाषांतरासोबत ठेवतो. एसमध्ये तयार झालेला प्रोग्राम हाच त्याचा मजकूर.

त्यानंतर 'एडिट'. समजा तुम्हाला वाटलं की ४५ ऐवजी ४८ मिनिटं धरली तर उत्तर खऱ्या भरतीच्या जास्त जवळ जाईल. (जातंही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, आणि तिथी सरासरीने दिवसापेक्षा थोडी लहान असते.) 'एडिट भरती' म्हटलं की शब्द पडद्यावर उघडतो, ४५ चे ४८ करायचे, एंटर. शब्दकोशाच्या शेवटी नवी 'भरती' तयार.

इथे साध्या फोर्थमध्ये एक घोळ होतो. नव्याने टाइप केलेली '७ भरती' ५ ३६ सांगते, पण 'पंधरवडा' अजून ५ १५ च सांगत राहतो, कारण त्याच्या आत जुन्या 'भरती'चा पत्ता बसलेला असतो. एसमध्ये 'रीडिफाइन भरती' म्हटलं की यंत्र जुनी व्याख्या काढून तिच्या जागी नवी बसवतं, मागचं-पुढचं सगळं सरकवून घेतं, आणि 'पंधरवडा' आपोआप नव्या हिशेबाने चालायला लागतो. हे सगळं ८ केबी रॉममध्ये. त्याच रॉममध्ये कॅसेट, कळफलक आणि पडदासुद्धा सांभाळायचे होते.

आज आपल्या मोबाइलमधल्या कुठल्याही ॲपला 'तू कसा बनलास ते दाखव' असं सांगता येत नाही. एसमध्ये दुसऱ्याने कॅसेटवर दिलेला प्रोग्रामसुद्धा उघडून वाचता येतो. त्या दोघांनी स्वस्त यंत्र बनवलं म्हणून मला ते आवडतं असं नाही, स्वस्त यंत्रं तेव्हा बरीच होती. मालकापासून काही लपवायचं नाही अशा बेताने ते बनवलंय, म्हणून आवडतं. याच बेताचा उपयोग दुरुस्तीतही होतो, त्याबद्दल पुढे.

बाकी काही वेगळं?

दोन गोष्टी. 'स्लो' आणि 'फास्ट' असे दोन शब्द आहेत. 'स्लो'मध्ये यंत्र चालता चालता स्टॅक रिकामा झालाय का, मेमरी संपलीय का, ब्रेकची कळ दाबलीय का हे तपासत राहतं. प्रोग्राम बिनचूक झाला असं वाटलं की 'फास्ट' म्हणायचं, तपासणी बंद, वेग वाढतो. फास्टमध्ये चूक राहिली तर यंत्र अडकून बसतं आणि पिन काढून परत लावावी लागते. शिकणाऱ्याला कुंपण, जाणत्याला मोकळं रान.

दुसरी: नवे प्रकारचे शब्द बनवणारे शब्द. फोर्थचा हा सर्वांत ताकदवान आणि सर्वांत डोकं खाणारा भाग. एसमध्ये त्याचे 'डिफायनर' आणि 'कंपायलर' असे दोन स्पष्ट भाग केले आहेत. पुस्तिकेतला तो धडा दोनदा वाचावा लागतो.

१ केबीत काय होणार? आमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा ३ एमबीचा असतो.

३ केबीतली १ केबी पडद्यासाठी (३२ अक्षरांच्या २४ ओळी), १ केबी अक्षरांच्या आकारांसाठी आणि १ केबी तुमच्यासाठी. ही वाटणी बाहेरून कंजूस दिसते, पण विचारपूर्वक केलेली आहे. सिंक्लेअरच्या आधीच्या 'झेडएक्स-८१'मध्ये एकूण १ केबी होती आणि पडद्यावरचा मजकूरही त्यातूनच जागा खायचा. शिवाय तिथे पडदा रंगवायचं काम प्रोसेसरच करायचा, म्हणून पडदा चालू असताना प्रोग्राम रांगत असे. एसमध्ये पडद्याचं सर्किट वेगळं आहे, प्रोसेसर पूर्ण वेगाने मोकळा.

एकाच वेळी पडदा आणि प्रोसेसर दोघांना तीच मेमरी हवी झाली तर काय, यावरचा तोडगा मला फार आवडतो. तीच मेमरी दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसते. एका पत्त्याने गेलात तर मान प्रोसेसरला आणि पडद्यावर क्षणभर ठिपके उडतात. दुसऱ्या पत्त्याने गेलात तर मान पडद्याला आणि प्रोसेसर थांबतो. घाई करायची की सफाई, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं. खर्च काय, तर पत्त्याची एक तार.

आणि शब्दाला दोन बाइट या हिशेबाने १ केबीत बेसिकपेक्षा बरंच जास्त मावतं. 'भरती' आणि 'पंधरवडा' मिळून शंभर बाइटच्या आसपास जातात. जास्त हवी असेल तर बाहेरून १६ केबीचा पॅक लागतो.

त्याच्यावर मराठी येतं का?

कारखान्यातून आलेलं नाही. पण येतं.

एसच्या अक्षरांचे आकार रॉममध्ये गोठवलेले नाहीत. चालू होताना ते रॅममध्ये उतरवले जातात, आणि तिथे १२८ च्या १२८ आकार तुम्ही बदलू शकता. प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांचं. फोर्थमध्ये संख्यांचा पाया बदलता येतो, म्हणून पाया २ करायचा आणि आकार थेट शून्य-एकमध्ये मांडायचा. हा 'ग':

११११११११
००१०००१०
००१०००१०
००१०००१०
०११०००१०
०११०००१०
००००००१०
००००००१०

एसमध्ये शेजारच्या दोन अक्षरांच्या चौकटींत फट नसते. रोमन अक्षरांना त्यासाठी बाजूला मोकळी जागा सोडावी लागते. देवनागरीला उलट तेच हवं: वरची ओळ पूर्ण भरली की शिरोरेघ अक्षरामागून अक्षर जोडत जाते, वेगळं काही करावं लागत नाही. 'गग' लिहून पाहा, वहीतल्यासारखी सलग रेघ येते. काना ही वेगळी चौकट केली की 'गा' तयार.

अडचण वरच्या आणि खालच्या मात्रांची. शिरोरेघ पहिल्या ओळीत ठेवली तर वेलांटीच्या गाठीला आणि अनुस्वाराला जागा उरत नाही. ती तिसऱ्या ओळीत उतरवली तर अक्षराला पाचच ठिपके उंची मिळते. त्यात 'ग', 'न', 'र' जमतात, 'भ' आणि 'झ' ओळखायला येत नाहीत, 'क्ष'चं नाव काढू नका. आणि मात्रा लागलेलं प्रत्येक अक्षर म्हणजे नवा आकार. संपूर्ण बाराखडी मांडायची तर चारशेच्या वर आकार लागतात, आहेत १२८. म्हणून आम्ही सगळी बाराखडी करत नाही. ज्या प्रोग्रामला जे शब्द लागतात त्यांचीच अक्षरं करतो. भरतीच्या तक्त्यासाठी 'तिथी', 'भरती', 'वाजता' एवढं पुरतं.

एक सूचना: आकारांच्या या मेमरीत लिहिता येतं, पण तिथून परत वाचता येत नाही. काढलेल्या अक्षरांचे आकडे शब्दकोशात किंवा कागदावर ठेवा.

याच दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिपींसाठी तंत्रज्ञान तयार होत होतं, आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' कार्ड आणलं. ते काम अर्थातच फार मोठं, त्यात जोडाक्षरांचे नियम यंत्र स्वतः सांभाळतं. एसवर तुम्हीच टंककार, तुम्हीच खिळे ओतणारे.

रंग? आवाज? गेम?

रंग नाही, काळं-पांढरंच. आवाज आहे, आतल्या छोट्या स्पीकरमधून 'बीप'. चित्रं काढायला 'प्लॉट' आहे पण ठिपके जाडजूड. गेम होते, थोडे. मुलं स्वतः बनवतात ते जास्त चालतात. सध्या वरून पडणारे नारळ चुकवायचा एक आहे, नारळ आणि माणूस दोन्ही नवे काढलेले आकार.

दशांश अपूर्णांक चालतात?

चालतात. साध्या संख्या ३२७६७ पर्यंतच जातात, त्यात १ मिळवला की उणे ३२७६८ होतं (मुलांना हे दाखवाच). दशांशासाठी वेगळे शब्द आहेत, आणि ते आकडे दशमान पद्धतीनेच साठवले जातात, सहा अंकांपर्यंत. त्यामुळे ०.१ हा खराखुरा ०.१ असतो. रुपये-पैशांच्या हिशेबाला बरं. वर्गमूळ किंवा साइन मात्र रॉममध्ये नाहीत, तुम्हीच शिकवायचे.

इतकं चांगलं होतं तर चाललं का नाही?

१९८३ च्या अखेरीस ज्युपिटर कॅन्टॅब बुडाली. उरलेला माल आणि हक्क १९८४ मध्ये 'बोल्डफील्ड' या कंपनीने घेतले. विकली गेली ती यंत्रं काही हजारच.

कारणं शोधायला फार दूर जायला नको. शेजारी रंगीत स्पेक्ट्रम होता, १६ केबीचा १२५ पौंडांना. पस्तीस पौंड जास्त टाकले की रंग आणि पाचपटीहून जास्त रॅम, आणि काही महिन्यांत ढीगभर गेम. मासिकांतले प्रोग्राम सगळे बेसिकमधले, ते टाइप करून एसवर चालत नसत. दुकानदाराला फोर्थ समजावून सांगता येत नसे. 'बेसिकपेक्षा दहापट वेगवान' अशी जाहिरात होती, पण कशाच्या दहापट हे अनुभवायला आधी फोर्थ यायला हवी.

माझं मत विचाराल तर भाषेपेक्षा रॅमने घात केला. पहिल्याच दिवशी ४ केबी तरी हवी होती. १ केबीत फोर्थची चव कळते, पोट भरत नाही.

भारतात मिळत होता का?

दुकानात कधी पाहिला नाही. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे जे घरगुती संगणक दिसले त्यांत 'डेसिबेल्स' या कंपनीने सिंक्लेअरच्या परवान्याने काढलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' होता, आणि १९८४ पासून सरकारच्या 'क्लास' योजनेत काही शाळांना 'बीबीसी मायक्रो' मिळाले. माझ्याकडचा एस बोटीवर नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकाने ब्रिटनमधून जुना घेऊन आणलेला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माळ्यावर असल्या वस्तू निघतात त्या बहुतेक याच वाटेने आलेल्या.

आमच्या माळ्यावरही एक जुनं यंत्र आहे. थेट चालू करू का?

नको.

आधी अ‍ॅडॉप्टर. एसला ९ व्होल्ट डीसी लागतो, आणि जुन्या यंत्रांत पिनेचं आतलं टोक अधिक की उणे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. मल्टिमीटरने बघितल्याशिवाय काही जोडू नका. बाजारात मिळतो म्हणून कुठलाही ९ व्होल्टचा लावला आणि धूर काढला, अशी यंत्रं माझ्याकडे आली आहेत.

मग उघडा आणि बघा. पाली-झुरळांची घाण, मुंग्यांचं घर, फुगलेले कपॅसिटर. हे सगळं साफ झाल्यावर फक्त व्होल्टेज रेग्युलेटरपर्यंतचा भाग तपासा: ५ व्होल्ट नीट येतात का. येत असतील तरच पुढे.

कोकणच्या हवेत असं यंत्र टिकतं तरी का?

इथल्या हवेत मीठ आहे आणि जून ते सप्टेंबर ओल. दोन्ही मिळून तांब्यावर हिरवट थर चढतो. सर्वांत आधी जातात ते मागचे उघडे कनेक्टर, मग चिप ज्या सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात त्यांचे पाय. निम्म्या वेळा यंत्र 'मेलेलं' नसतंच. चिप अलगद उचलून, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत दाबली की उठतं. कनेक्टरला तेच. पांढरा खोडरबर चालतो, पण हळू, सोन्याचा मुलामा पातळ असतो. सँडपेपर कधीही नाही.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर गरम करून परत वापरता येतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका, आत दव धरतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलं तर स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. वीज जा-ये करत असेल तेव्हा मात्र नाही.

आता मघाशी राहिलेली दुरुस्तीची गोष्ट. सिंक्लेअरने खर्च वाचवायला बरीचशी सर्किटं एकाच खास चिपमध्ये कोंबली होती, फेरँटी कंपनीकडून बनवून घेतलेल्या. ती जळली तर दुसऱ्या यंत्रातून काढून आणण्यावाचून गत्यंतर नसायचं. एसमध्ये अशी खास चिप नाही. सगळ्या साध्या टीटीएल चिप, दुकानात सुट्या मिळणाऱ्या, आणि रॅमसाठी २११४ जातीच्या सहा चिप. तेव्हा हे कमी पैशांत सुरू केलेल्या कंपनीचं लक्षण मानलं गेलं असेल. आज त्याच कारणाने एस दुरुस्त होतो. टीटीएल चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला अजून मिळतात, संध्याकाळच्या गाडीत बसणाऱ्या कुणाकडे दिल्या की सकाळी कुडाळला उतरतात. २११४ शोधावी लागते. झेड-८०चं उत्पादन थांबवत असल्याचं झायलॉगने २०२४ मध्ये जाहीर केलं, पण बाजारात जुना साठा अजून भरपूर आहे.

टीव्हीला कसा जोडायचा?

मूळ यंत्र ब्रिटनच्या यूएचएफ चॅनल ३६ वर चित्र सोडतं. ऐंशीच्या दशकातल्या आपल्या बऱ्याच टीव्हींना फक्त व्हीएचएफ पकडता यायचं, म्हणून तेव्हा लोक वैतागले असतील. नंतरचे रंगीत टीव्ही आणि अँटेनाची जागा असलेले पहिले एलसीडी चालतात. चॅनल हाताने शोधा, आपोआप शोधताना ते सापडत नाही. आवाज यंत्रातूनच येत असल्याने तिकडची चिंता नाही. सोपा उपाय म्हणजे आतून साधं व्हिडिओ सिग्नल काढून पिवळ्या पिनेत देणं.

मला हवा आहे. कुठे मिळेल?

मूळ एस दुर्मीळ आणि महाग झालाय. त्या पैशांत इथे चांगली जुनी बाइक येते, बाइक घ्या. हात सोल्डरिंगवर बसला असेल तर 'मिन्स्ट्रेल फोर्थ' हे एसशी जुळणारं नवं यंत्र सुट्या भागांतून जोडता येतं. नुसतं चाखून बघायचं असेल तर 'एटीवन' किंवा 'मेम' हे इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) साध्या लॅपटॉपवर चालतात. फोर्थ शिकायला तेवढं पुरतं. कळांची रबरी भावना मिळणार नाही, पण खरं सांगायचं तर ती काही फार सुखाची नाही.

आताच्या मुलांना हे शिकवून काय उपयोग? नोकरी लागते का?

फोर्थवर नोकरी लागत नाही. पण पायथन शिकताना ज्या मुलाने स्टॅक स्वतः रिकामा करून पाहिलाय त्याला फंक्शन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यापलीकडे दावा करणार नाही. ज्यांना रस नसतो ती मुलं दहा मिनिटांत उठून क्रिकेटला जातात, आणि ते ठीकच आहे.

कॅसेटला बुरशी आलीय. आतला प्रोग्राम वाचवता येईल?

बहुतेक वेळा हो. फितीच्या कडेला पांढरी पूड दिसत असेल तर ती तशीच प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. कवच स्क्रूचं असेल तर उघडा, फीत कोरड्या मऊ कापडातून हाताने सावकाश दोनदा गुंडाळा, मग दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा. एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच ठेवा. मोबाइलचा व्हॉइस रेकॉर्डर वापरू नका, तो 'गोंगाट' समजून नेमका प्रोग्रामच गाळतो. एस १५०० बॉड (सेकंदाला साधारण १५०० बिट) वेगाने लिहितो-वाचतो, त्यामुळे फीत ओढली जाऊन आवाज थोडा जरी लहरला तरी वाचन फसतं. परत यंत्रात भरताना फोनच्या हेडफोनच्या जागेतून तार लावा, आवाज जवळपास पूर्ण, इक्वलायझर बंद, फोन फ्लाइट मोडवर. भरताना आलेले शब्द आधीच्या शब्दकोशाला जोडले जातात, आधीचे पुसले जात नाहीत, म्हणून एकाच प्रोग्रामचे तुकडे वेगवेगळ्या कॅसेटवर असतील तर एकामागून एक भरता येतात. भरून झालं की 'व्हीलिस्ट' म्हणा: यादीत सर्वांत वर जे नवे शब्द दिसतील ते त्या कॅसेटमधले. मग त्यांतला एकेक 'लिस्ट' करून वाचा.